सिलंगधुरा, साखर पेठ

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर आमच्या गावाची उंची लिहिलीय:
साडेचारशे मीटर, वर थोडी चिल्लर.
त्याहून उंच म्हणजे गिरणीचं धुराडं,
तेही थंड, आणि त्याला जिना नाही.
मी सराव केला पाण्याच्या टाकीवर,
पाठीवर सुताच्या कोनांचं पोतं,
एप्रिलात, बेचाळीस डिग्रीत,
बर्फासाठी.

"कशाला चढूलालीस?" असं नायनांनी विचारलं नाही.
म्हणाले, "नकाशा हाय का?"

मल्लेशम इराबत्तींना डोंगर ठाऊक नव्हता,
चौकटींचा कागद ठाऊक होता.
चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पाडली त्यांनी:
भोक असेल तिथे दोरा वर,
नसेल तिथे खाली,
एवढ्यावर मोर उभा राहतो.

नकाशा दिव्याखाली धरून
उंचीच्या रेषा त्यांनी नखानं मोजल्या.
"दाट होतात तिथं कडा," मी म्हटलं.
"कळतंय की. दाट ठोकलं की कापड ताठ उभारतंय."

मी सांगत गेले, ते पाडत गेले.
दक्षिणेला हिमनदी, तोंडाशी राखेच्या रंगाची.
तिच्या डोक्यावर खिंड. खिंडीतून ईशान्येची सोंड,
सोंडेवर तीन दात,
मग टोपी: सहा हजार तीनशे चौदा.
छत्तीस साली दोन साहेब खिंडीतून परतले,
अहवालात दोष वाऱ्याला.
एकोणपन्नासात एक मोजणीवाला तिसऱ्या दातापाशी
दुर्बीण टाकून पळाला.
अठ्ठावन्नची तुकडी म्हणते, आम्ही पोचलो.
फोटोत ढग आहे.
सत्त्याहत्तरचे चौघे हिमनदीत, अजून तिथेच.

"साहेबांसंगं किती माणसं?"
"अकरा हमाल."
"नावं?"
अहवालात दोन खेचरांची नावं आहेत.
हमालांचा आकडा.

नायनांनी पंच खाली ठेवला.
शेजारी लेबलांची थप्पी होती:
कारखान्याचं नाव, गावाचं नाव, थंड पाण्यात धुवा.
थोडा वेळ बघितली. मग पंच उचलला.

वर काय झालं ते थोडक्यात.
तिसऱ्या दाताच्या पुढे, पहाटे, पुढे हयातसिंह,
मुनस्यारीकडचा, माझा दोर त्याच्या कमरेला.
त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं टोपीवर ठोकलं,
दोनदा.
कांडी रिकामी झालेला धोटा कसा वाजतो
हे मला पाळण्यातून माहीत आहे.
बर्फ तसाच वाजला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आधीच वळले होते.
नव्वद मीटर राहिले.
तो म्हणाला, "कान कुणाकडून शिकलीस?"

गाडीतून उतरले तेव्हा पाटी तीच, चिल्लर तीच,
ऊन मात्र बरंच हळवं वाटलं.
चादर मागावर होती, निळ्यावर पांढरी.
"पोचलीस?"
"नव्वद मीटर खाली."
नायनांनी माग बंद केला,
मोजून वरची कार्डं उसवली,
आणि पुढची वीत साधीच विणली,
नुसतं निळं.
किनारीला अकरा चौकोन कोरे,
बाराव्यात हयातसिंह,
चादर उलटली की उलट्या अक्षरांत.
लोक विचारतात, डोंगराचं टोक कुठाय?
नायना म्हणतात, ढगात.

उसवलेली कार्डं सुतळीनं बांधून माळ्यावर आहेत.
परवा काढली तर एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.
मी हळहळले.
त्यांनी चष्मा पुसला, कार्ड खिडकीकडे धरलं,
भोकांतून साखर पेठेचं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं.
"हे बघ," म्हणाले,
"इथनं एक वाट हाय.
तुझ्या नकाशात नव्हती ही."