शुक्रवारपर्यंत

शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा, म्हणाले.
करार सात पानांचा.
बॅगेत, ओल्या मोज्यांखाली.

आमच्या परभणीच्या कोर्टवर
उत्तरेकडच्या रिंगला जाळी नाही.
चेंडू आतून गेला की बाजूनं,
फेकणाऱ्यानंच इमानानं सांगायचं.

दोन सेमिस्टर राहिलीत.
मृदाशास्त्राचं जर्नल अर्धं.
डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो,
हे सात पानांत कुठंच नाही.
मीही बोललो नाही.

अप्पा डेपोत एसटीचे टायर बदलतात.
आकडा ऐकून म्हणाले, "वर्षाचे का?"
मग बराच वेळ हातच धूत बसले.

साळेगावकर सरांनी मत दिलं नाही.
शिट्टी खिशात टाकली,
पन्नास फ्री थ्रो मारायला लावले.
एक्केचाळीस गेले.
"अन् नऊ, मुंजाजी?"
एवढंच, आणि स्कूटरला किक.

बनी तो बनी, नहीं तो परभणी.
लहानपणापासून ऐकतोय, हसतोय.
आज त्या 'नहीं तो'पाशी
जीभ अडखळली.

लाईट गेली.
अंधारात एक मारला.
जाळीच नाही, आवाज कसला येणार?
"गेला," मी म्हणालो,
पहिल्यांदाच, न बघता.