ओळख देऊ नको

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा
आणि कॉलेजात दोन वर्षांनी ज्युनिअर.
हे गणित त्याला समजावलं तेव्हा म्हणाला,
"मंग आता मी तुले ताई म्हणू का?"
आणि इतका हसला
की कूलरच्या टाकीत सोडलेला पाइप हातून सुटला,
अंगणभर पाणी.

कोर्सचं नाव लांबलचक.
बाबांनी फॉर्मवर ते तीनदा खोडून लिहिलं.
'प्रज्योत रंगारी' एका दमात लिहिलं.
'बौद्धिक अक्षमता'च्या पुढे टक्के लिहायची जागा होती,
मेडिकलच्या सर्टिफिकेटवर पाहून आकडा टाकला
आणि पेन तसंच धरून बसले,
जणू अजून एखादा रकाना यायचाय,
ज्यात लिहिता येईल, की हा पोरगा
पाण्याच्या आवाजावरून सांगतो
टाकी किती भरली.
पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

अठराव्या वर्षी त्याची शाळा संपली.
नंतर चार वर्षं सोफ्याची एक कड
त्याच्या आकाराची होत गेली.
पाहुणे विचारायचे, "हा काय करते सध्या?"
"घरीच असते," म्हणत आई
चहा टाकायला उठायची.
आमच्या घरी त्या काळात फार चहा झाला.

डोंगरवार मॅडमनी पहिल्या महिन्यात
पुस्तक दिलं नाही, मेट्रोचं कार्ड दिलं.
सुभाष नगर म्हणजे अंगठा.
अंबाझरी, एलएडी चौक.
शंकर नगर अनामिका, तिथं उतरायचं.
करंगळी उरते, तिला हात लावायचा नाही.

एक दिवस समोर बसलेल्या बाळाकडे पाहत राहिला
आणि थेट सीताबर्डीला पोचला.
फोन आला, "मिने, माह्यी बोटं सरली."
मॅडमनी बजावलं होतं,
कोणी आणायला जाऊ नका.
बाबा चपला घालून दारात चाळीस मिनिटं उभे होते,
एक पाय पायरीवर, एक घरात.
संध्याकाळी दादाच सांगत होता,
"गार्डले विचारलं. समोरच्या गाडीत बसलो.
नाव वाचून उतरलो. बोटं नाही लागली."

आता माझं सांगते.
जुलैपासून मी लायब्ररीला मागच्या जिन्यानं जात होते.
मैत्रिणींना काय सांगायचं
ते वाक्य पाठ करून ठेवलं होतं,
सोपं, हसरं, कुणाला वाईट न वाटेल असं.
ते वापरायची वेळ यायच्या आधीच
एका रात्री ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला,
"कॉलेजात मले ओळख देऊ नको."
"काहून?"
"माह्ये मित्र असते तिथं."
घास तसाच हातात राहिला.
त्यानं माझ्या ताटातली भजी उचलली.

मार्च उतरला, कूलर पुन्हा खिडकीत बसला.
कॅन्टीनच्या लायनीत तो माझ्यापुढे तिसरा,
सोबत एक उंच पोरगा, एक पोरगी जाड चष्म्याची,
तिघं मिळून दोन समोसे घेत होते.
शर्टाचं वरचं बटण त्यानं उघडं ठेवलं होतं,
घरी कधी ठेवत नाही.
पन्नासची नोट दिली. हात पुढेच ठेवला.
मागे गर्दी चुळबुळली. कोणी "चाल ना बे" म्हणालं.
माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.
काउंटरवरच्या काकांनी त्याच्या डोक्यावरून मला विचारलं,
"तुमचा भाऊ नं हा?"
मी म्हटलं, "कोण?"

तो वळला नाही.
एकेक नाणं तळहातावर सरकवत मोजलं,
सावकाश, अख्ख्या लायनीसमोर,
आणि म्हणाला, "काका, पाच कमी आहे."
होते कमी.

त्या संध्याकाळी पाइप धरून उभा होता.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"आज कॅन्टीनमधी एक पोरगी होती.
सेम तुह्यासारखी दिसे."
"असंल," मी म्हटलं. "टाकी भरली का?"
त्यानं कान दिला.
"चार बोटं बाकी."