गॅस न पेटवता

सेहेचाळीस अंश. गॅसला हात लावायचा नाही,
रात्रपाळी करून मेडिकलमधून आलेल्या
तुझ्या आईचं फर्मान.

कूलरपुढं मांडी घालून
इतवारीतल्या खजुराच्या बिया काढतो.
जवस काल गच्चीवरच्या उन्हानंच भाजून दिला,
शेंगदाणेही.
मिक्सर दोनदा दमला. मग खलबत्ता.

पहिला लाडू फुटला.
दुसराही.
"पप्पा, मूठ आवळा नं,"
तू बुटाची लेस ओढत म्हणालीस.
तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडलेली बोटं ही,
बांधाबांध सगळी तुझ्या आईकडे.

उद्या पहाटे मानकापूर, आठशे मीटर.
भरतीला अकरा दिवस.

डब्यात सात आहेत,
एकही गोल नाही.
धावून झालं की खा, निमा.
बी राहिली असेल एखाद्यात.
जपून चाव.