हिरवी शाई

एजी ऑफिसात छत्तीस वर्षं
मी दुसऱ्यांची बिलं तपासली.
कालव्याच्या मातीची, जीपच्या टायरची,
उभ्याच राहिलेल्या रोलरनं प्यायलेल्या डिझेलची.
आता जेवणाच्या टेबलावर,
अर्धवट निवडलेल्या मेथीशेजारी,
माझ्याच मुलाचं शपथपत्र.

मिळकतीच्या रकान्यात शिरीषनं लिहिलंय:
दरमहा अठरा हजार.
तोमर वकील फोनवर म्हणाले,
"बाबूजी, आमदनी ज़रा सुखा दीजिए.
सब सुखाते हैं."

थाटीपूरला त्याच्या क्लासच्या जिन्यात
सकाळी चपलांचे अठ्ठावीस जोड,
संध्याकाळी चौतीस.
मोजायला गेलो नव्हतो, डबा द्यायला गेलो होतो.
पण सवय.
बासष्ट गुणिले नऊशे.
हॉलचे नऊ हजार वजा, विजेचे एकवीसशे वजा,
मार्करचे तीनशेसुद्धा वजा धरले.
उरले चव्वेचाळीस हजार चारशे.
मोटरसायकलचा हप्ता मी धरला नाही.
ती हौस. रेवाच्या नंतरची.

वाटलं होतं, याचं एखादं कोष्टक असेल:
एक मूल, इतके टक्के.
पार्सलच्या वजनाचंही असतं.
पण नाही.
न्यायाधीश बाई दोन्हीकडची ताटं बघणार,
याचं किती, तिचं किती,
मूल कुठल्या घरात कसं वाढत होतं,
आणि मग एक आकडा सांगणार.
म्हणजे सगळं या कागदांवरच.
जे इथं लिहिलं नाही, ते रेवाला लागतच नाही.

केतकीच्या शपथपत्राची प्रतही आली आहे.
शाळेचा पगार चौदा हजार, पैन् पै लिहिलेला.
खाली मुलीचा खर्च, तिच्या सुवाच्य अक्षरात:
शाळेची फी. रिक्षा. वह्या.
दूध, अर्धा लिटर.

अर्धा?
सकाळी एक पेला, रात्री एक पेला,
मधे मागच्या दारच्या मांजरीला चोरून एक वाटी.
चार वर्षं पहाटे पिशवी मी कापली आहे,
मला माहीत आहे किती लागतं.
चष्मा, एक.
ती पोर वर्षाला तीन मोडते.
आणि डिसेंबरात ग्वाल्हेरच्या धुक्यात
तिची छाती मांजरासारखी घुरघुरते,
तो पंप कुठल्या रकान्यात आहे?
कुठल्याच नाही.

केतकीचं हे पहिल्यापासून असंच.
या घरातही तिनं कधी
दुसऱ्यांदा आमटी मागितली नाही,
आणि आम्हीही वाढली नाही.

कोणी जास्त मागितलं की आक्षेप काढायचा,
हे मी पहिल्या वर्षीच शिकलो.
कोणी कमी मागितलं तर काय करायचं,
याचं कलम एकाही मॅन्युअलात नव्हतं.

शिरीष दारात उभा आहे.
"बाबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"
आठवीत त्यानं प्रगतिपुस्तकावर माझी सही मारली होती.
'क'चा पाय फार लांब ओढला होता, लगेच ओळखली.
गप्प बसलो.
मुलगा आहे, म्हटलं, जाऊ दे.
ते जाऊ देणं आज इथवर आलं,
अठरा हजार होऊन.

"मेथी उचल," मी म्हणालो, "मला जागा हवी."
तो उचलत नाही.
मीच ताट बाजूला सारतो.

कपाटात, मफलरच्या खाली, जुनं पेन आहे.
हिरवी शाई फक्त ऑडिटची,
घरात ती कधी वापरली नाही,
वाणसामानाच्या यादीलाही नाही.
निब वाळून गेली आहे.
गॅसवर पाणी कोमट करतो,
वाटीत निब बुडवून धरतो.
पाण्यात आधी काहीच नाही,
मग एक बारीक हिरवी शेपटी हलत खाली उतरते.

पेन पुसतो.
कोऱ्या कागदावर, वरून दोन बोटं जागा सोडून, लिहितो:
दूध, एक लिटर.