दोन बोटं आखूड

एकतीस वर्षं रस्ते मोजले.
निझवा, इब्री, पुढं नुसती खडी आणि ऊन.
निरोपाला कंपनीनं घड्याळ दिलं,
तेव्हापासून वेळ तेवढा मोजायचा राहिला.

आता मुलीच्या व्हिसावर राहतो, रुवीत.
चौदा ठिकाणी अर्ज केले. वय ऐकून
सगळे चहा मात्र अगत्यानं पाजायचे.

शेवटी बीरानच्या टेलरिंगच्या दुकानात,
चार ते सात. त्याचे डोळे अधू झालेत,
मापं मी घेतो, वहीत मांडतो.
पहिल्याच दिवशी सवयीनं लिहिलं:
खांदा, शून्य दशांश चार सात मीटर.
बीरान पोट धरून हसला,
"चाचा, हा माणूस आहे, हायवे नाही."

काल एक म्हातारा ओमानी आला.
दिशदाशा दोन बोटं आखूड कर म्हणाला,
"मी खचतोय हळूहळू."
गुडघे टेकून मी घोट्यापाशी टेप धरली.
रस्ता खचला की आम्ही भर घालायचो,
पुन्हा पातळी काढायचो.
इथं खडूची एक रेघ मारली.

घरी हेमलता विचारते, किती देतो?
सांगतो. ती काही बोलत नाही.
माझ्या सदऱ्याचं लोंबतं बटण लावते,
दातानं दोरा तोडते,
मग म्हणते, उद्या पण चारलाच ना?