मकरपुऱ्याचा काटा

निळी केबल. एका टोकाला नऊ पिना,
दुसऱ्याला यूएसबी, आणि मधल्या गाठीत
कुणाच्या तरी चिपची कुणीतरी केलेली नक्कल.

"ड्रायव्हर नाही," मी पडद्यावरचं मोठ्यानं वाचते
तर खिडकीतून ट्रकवाला:
"हूँ ना मॅडम, कब से खडा हूँ."

काट्याचं काही बिघडलेलं नाही.
डब्यावर लाल आकडे स्वच्छ उमटतात,
फक्त नव्या संगणकाला ते ऐकू येत नाहीत.
जशुभाई सकाळपासून हातानं पावत्या लिहितायत.

पिवळा त्रिकोण. काढते, घालते, पुन्हा पिवळा त्रिकोण.
शेवटी त्याला सांगते, तू शोधू नकोस बाबा,
यादी दे, मी निवडते.
अगदी तळाशी दोन हजार आठ सालचा एक.
तेव्हा मी दांडिया बाजारातून पॉलिटेक्निकला
सायकल हाणत जायची.

त्रिकोण गेला.
आता नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं:
वेग चुकला. शहाण्णवशे नव्हे, चोवीसशे.
म्हातारा सावकाश बोलतो, सावकाश ऐकायचं.

ट्रक वळेपर्यंत थांबवत नाही,
मीच जाऊन उभी राहते
साठ टनांच्या तापल्या पत्र्यावर, चपलांसकट.
आतून आरोळी: "आव्युं बेन! पंचावन!"

रात्री अपडेट येऊन सगळं सुधारून जाईल,
म्हणून ते बंद करते. केबलला चिकटपट्टी:
हात लावू नये. खाली माझा नंबर.

जशुभाई पहिली छापील पावती फाडून देतात.
गाडी नंबर: कोरा. वजन: ५५ किलो.
मालाच्या रकान्यात,
बेन.