एक नोव्हेंबर, जांबोटीच्या पुढे

एक नोव्हेंबर. उद्यमबागेतली भट्टी थंड.
चौकाचौकात लाल-पिवळे झेंडे,
आमच्या गल्लीत दंडाला काळ्या फिती.
माझी फीत मी खिशात घातली
आणि डब्यात दशम्या भरल्या.

सात वाजता इराण्णाची ओमनी आली.
त्यांचे चार, आम्ही दोघं, मांडीवर कुंद्याचा डबा.
एकाच लेथवर एकोणीस वर्षं, पाळ्या बदलून,
इराण्णा आणि मी कधी भांडलो नाही.
फक्त ही एक तारीख
आम्ही एकमेकांना फोन करत नसू.
या वर्षी पोरींनी वर्गातच ठरवलं परस्पर,
माझ्या रेणूनं आणि त्याच्या सहनानं.
आम्हाला पेट्रोलचं तेवढं विचारलं.

जांबोटी मागं पडली.
झाडं आधी रस्त्याच्या कडेला होती,
मग वरती आली,
मग ऊन सुट्ट्या पैशांसारखं मोजून मिळायला लागलं.

नाक्यावर वनखात्याचा हिरवा फलक, कन्नडमधला.
रेणूनं घडाघडा वाचून दाखवला,
प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत, माझ्यासाठी.
मला वाचता येतो. एवढ्या वर्षांत येणार नाही होय?
पण तिला वाचू दिलं.

वाट दाखवायला रुक्माण्णा गावडे,
कमरेला कोयता, पायात काही नाही.
"पँटी मोज्यात खोचा. तंबाखू हाय काय कुणाकडं?"
इराण्णानं हळूच पुडी काढली,
आणि महादेवीवहिनींना कळलं
की श्रावणात सोडलेली तंबाखू
श्रावणातच परत धरली होती.

आत अंधार नव्हता. हिरवा उशीर होता.
जमिनीतून गुडघे वर काढून बसलेली मुळं,
ओल्या पाचोळ्याचा कणगीच्या तळासारखा वास.
शेकरूनं फांदी बदलली,
शेपूट जरा मागाहून पोचली.
कुणी बोलेना. चिन्नूसुद्धा.

रेणूच्या घोट्यावर काहीतरी काळं, फुगलेलं.
रुक्माण्णा म्हणाला जळू.
इराण्णा म्हणाला इंबळ.
तिनं दोघांचं ऐकून घेतलं
आणि पीत राहिली.
तंबाखूचं पाणी पिळल्यावर पडली खाली, सावकाश,
जेवण झाल्यासारखी.
रक्त मात्र थांबेना. पातळ, हट्टी.
रुमाल गाडीत राहिलेला.
मी खिशात हात घातला,
फीत काढली, दोन वेढे देऊन बांधली.
इराण्णानं गाठीवर बोट धरलं,
मी घट्ट ओढली.
काळ्यावर लाल दिसत नाही, एवढं बरं.

धबधबा आधी छातीत वाजला,
ब्लोअर सुरू झाल्यावर वाजतो तसा.
मग झाडं संपली आणि समोर नुसतं पांढरं कोसळणं,
इतकं की त्याच्याकडे बघताना
आपणच वर चाललोय असं वाटावं.
इराण्णा माझ्याकडे वळून काहीतरी ओरडला.
तोंड हललं. मी मान हलवली.
कुठल्या भाषेत ओरडला, कुणास ठाऊक.

खालच्या डोहात पाय बुडवताना
चिन्नूची एक चप्पल सुटली,
दोनदा गिरकी घेऊन खडकाआड गेली.
"म्हादईत गेली म्हंजे गेली," रुक्माण्णा म्हणाला,
"आता गोव्यात मिळंल."
चिन्नू रडला नाही. पत्ता मिळाल्यासारखं तोंड केलं
आणि दुसरी चप्पल काढून हातात धरली,
ती घरापर्यंत.

परतताना विचारलं, तिथं काय रे ओरडलास?
"दशम्या उरल्यात काय, विचारलो."
उरल्या होत्या. तीन.
पिरनवाडीपर्यंत पुरवल्या.

शहरात झेंडे दमून लोंबत होते.
मी म्हटलं, आम्हाला कोपऱ्यावरच सोड.
त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
ओमनी गल्लीत घातली, पार दारापर्यंत,
कट्ट्यावरच्यांना हॉर्न वाजवून पाय काढायला लावत.
झोपलेल्या रेणूला त्यानंच उचलून आत आणलं.
घोट्यावरची फीत चुलत्यानं बघितली,
माझ्याकडे बघितलं,
आणि विचारलं, पाणी होतं काय भरपूर?

मी म्हटलं, होतं.
आमच्या नळाला त्या रात्री आलं नाही.